घशाचं ऑपरेशन

आमच्या आत्याच्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. तोंडाचंही तसंच आहे, पण त्यावर डॉक्टरांनी अजून औषध दिलेलं नाही.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. लग्न केलं नाही. मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होती, निवृत्त झाली, आणि तेव्हापासून शाळा आमच्या घरी भरते. विद्यार्थी दोनच, मी आणि माझी बायको. मी साठी ओलांडली, डोक्यावर केस राहिले नाहीत, तरी चपला वाकड्या काढल्या म्हणून मला अजून परत दारात पाठवण्यात येतं. बायको इथल्याच, नागपूरजवळच्या कळमेश्वरकडची, शेतकऱ्याच्या घरची. एरवी ती पुस्तकातल्यासारखं बोलते आणि संतापली की माहेरचं बोलते, त्यामुळे मला हवामानाचा अंदाज घरातच मिळतो.

आत्याला एक धाकटी बहीण होती. जबलपूरला दिलेली. मागच्या उन्हाळ्यात ती तिकडे वारली.

हे वाक्य मी इथे लिहून टाकलं, पण आमच्या घरात ते कुणालाच उच्चारता आलं नाही. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी आत्याला तपासून सांगितलं होतं की हिला कसलाही धक्का बसता कामा नये. माझा मोठा भाऊ खापरखेड्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेला, तिकडेच घर बांधून राहतो. धक्का या विषयातला तो आमच्याकडचा तज्ज्ञ. त्याने ठरवलं, आत्ता सांगायचं नाही. आंबे संपले की सांगू. मग गणपती होऊन जाऊ दे म्हणाला. मग दिवाळी. सणासुदीला वाईट बातमी देत नाहीत, आणि आपल्याकडे सण नसलेला आठवडा शोधून सापडत नाही.

पण दोघी बहिणी रोज फोनवर बोलायच्या, त्याचं काय करणार? त्यावरही भावानेच तोड काढली. धाकटीच्या घशाचं ऑपरेशन झालंय, आवाज गेलाय, आता ती फक्त लिहून बोलेल. आत्या दोन दिवस हळहळली आणि म्हणाली, "तिचा आवाज गेला म्हणजे जबलपूरला शांतता झाली असेल." आम्ही हसलो. हसणं भाग होतं.

मेलेल्या धाकट्या आत्याचा मोबाईल तिच्या मुलीकडे, म्हणजे माझ्या आतेबहिणीकडे होता. पण ती जन्मली-वाढली जबलपूरची. तिने मराठी लिहिलं की स्टेशनवरच्या घोषणेसारखं वाटतं. म्हणून लेखन विभाग माझ्याकडे आला. कधीकाळी ऑफिसच्या वार्षिकांकात मी दोन विनोदी लेख लिहिले होते, त्या जोरावर. रोज सकाळी मी हॉलमध्ये बसून धाकट्या आत्याचा मजकूर तयार करायचो, तो जबलपूरला जायचा, तिकडून तिच्या नंबरवरून सुटायचा, आणि शेजारच्या खोलीत आत्याच्या उशाखाली टिंग वाजायचं. माझ्याच घरातला मजकूर जबलपूरची हवा खाऊन माझ्याच घरात परत यायचा.

हा कारभार चालायला आत्या नसलेला एक वेगळा ग्रुप होता, बातमी आली त्याच दिवशी काढलेला. भावाने त्याला नाव दिलं, "घशाचं ऑपरेशन". म्हणजे फोन चुकून टेबलावर उघडा राहिला तरी आत्याला संशय येऊ नये. सुरुवातीचे तेरा दिवस त्या ग्रुपवर सगळे रडले. चौदाव्या दिवसापासून आम्ही मूळ स्वभावावर आलो. आत्या नाही म्हटल्यावर जिभेला लगाम घालायचं कुणाला कारण उरलं नाही. कुठल्या घरात नसेल असा एक ग्रुप, तुम्हीच सांगा. तुमच्या घरात नसेल तर तो तुम्हाला वगळून असेल.

एका सकाळी आत्याने फोन बाजूला ठेवला आणि जाहीर केलं, "धाकटीचं लिहिणं पार बेचव झालंय. डॉक्टरांनी घसा कापला की डोकं?"

मला लागलं. मी म्हटलं, आजारी बाई आहे, आत्या, समजून घे.

"आजारी बाई 'स्नेहपूर्वक' लिहिते का रे? जन्मात हा शब्द तिच्या तोंडात नव्हता. ती मला 'ए ताई, मेलीस का' म्हणून फोन करायची."

मग तिला जुनी धाकटी वाचायची हुक्की आली. घरच्या मोठ्या ग्रुपवर धाकट्या आत्याचं कित्येक वर्षांचं लिखाण पडलेलं होतं. लोणची, दूधवाल्याशी भांडणं, नवऱ्याच्या तक्रारी, पडलेली स्वप्नं. पण ते सापडणार कसं? धाकटी आत्या एकच शब्द चार प्रकारे लिहायची, कधी इंग्रजी अक्षरांत, कधी अर्धा हिंदीत. फोनमधला शोध अडाणी, अक्षरं जुळली तरच हुंकार देणार. आत्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तू जन्मभर कॉम्प्युटरमध्ये होतास ना? मग शोधून दे. नाही तर मला जबलपूरच्या गाडीत बसवून दे, मीच जाऊन बघते तिला काय झालंय."

आता आधी त्या कॉम्प्युटरचं सांगतो. ऑफिसात मी संगणक विभागात होतो हे खरं. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद न फाडता काढायचा, आणि साहेबांचं मशीन बंद करून परत चालू करायचं, ही माझी तांत्रिक कारकीर्द. घरी मात्र मी त्या विषयाचा महामहोपाध्याय म्हणून वावरलो होतो, तेव्हा नाही म्हणायची सोय नव्हती. आणि जबलपूरची गाडी हा प्रकार फार वाईट होता. तिकडे दिवाणखान्याच्या भिंतीवर धाकट्या आत्याचा हार घातलेला फोटो आहे. आत्या दारातून आत शिरली की समोरच दिसेल, आणि मग झडपेचं काय होईल ते होईल. त्यापेक्षा तिला जुनी धाकटी पोटभर पुरवली, तर माझी नवी धाकटी कशीही असली तरी खपून जाईल, असा मी हिशेब मांडला.

म्हणून मी क्लाउडवर शोधसेवा उभी करायला घेतली. प्रकार असा असतो: आपल्या फाइली दूर कुठेतरी भाड्याच्या कॉम्प्युटरवर ठेवायच्या. ती सेवा त्या वाचते, पाठ्यपुस्तकाच्या शेवटी असते तशी सूची तयार करते, आणि मग आपण काही विचारलं की शब्द नाही जुळला तरी अर्थ पाहून नेमकं उत्तर काढून देते. जाहिरातीत एक पोरगी हे काम कॉफी पिता पिता करते.

मी दुपारी बसायचो, आत्या कूलरसमोर झोपलेली असताना. पहिल्यांदा त्यांनी संस्थेचं नाव विचारलं. मी "घर" लिहिलं. मग माहिती कुठल्या देशात, कुठल्या भागात ठेवू ते विचारलं. देशाच्या मधोमध बसूनही यादीत नागपूर नव्हतं, त्याचा निषेध म्हणून मी यादी रागाने खाली सरकवली आणि बोट लागून ब्राझील निवडलं गेलं. धाकट्या आत्याचं लोणचं ब्राझीलला. ते सगळं मोडून परत सुरुवात केली. मग सेवेकडून एक लांबलचक किल्ली मिळाली, आकडे आणि अक्षरांची मालगाडीच, आणि ती कुणालाही दाखवू नका अशी तंबी. मी ती कॉपी केली आणि योग्य जागी चिकटवायच्या ऐवजी घरच्या ग्रुपवर चिकटवली. भावाने लगेच उत्तर दिलं, "हे तुझं इंग्रजी का?"

पुढे प्रत्येक गोष्टीवर खुणा करायच्या होत्या. कोणी लिहिलं, केव्हा लिहिलं, काय लिहिलं, कुठल्या ग्रुपवर लिहिलं. यातलं काय शोधता यावं, काय दाखवावं, कशाला जास्त वजन द्यावं? मी सगळ्यावर खुणा केल्या. सोय दिसली की वापरायची, हा माझा लग्नाच्या पंगतीतला नियम. ग्रुपच्या नावाला तर मी सगळ्यात जास्त वजन देऊन टाकलं. का, ते विचारू नका. तिथे एक सरकवायची पट्टी होती आणि ती छान सरकत होती.

झालं, म्हणून मी "लोणचं" असं शोधलं. उत्तर शून्य. "आत्या" शोधलं. शून्य. "नागपूर" शोधलं, तेही शून्य. दोन दुपारी मी त्या शून्याकडे पाहत बसलो. नंतर उमगलं की मी नुसती वही आखून ठेवली होती, त्यात उतरवून घ्यायला कुणाला बसवलंच नव्हतं. त्यासाठी वेगळं बटण होतं. ते दाबलं, आणि गाडी सुरू झाली.

चाचणीला मजकूर भरपूर हवा, म्हणून घरच्या ग्रुपबरोबर मी "घशाचं ऑपरेशन"चीही फाईल टाकली. खरं सांगायचं तर तो ग्रुप जास्त वाचनीय होता. यंत्राला खरंच अर्थ कळतो का ते पाहायला मी विचारलं, "आपल्यात सगळ्यात कंटाळवाणं कोण". क्षणभर चाक फिरलं आणि पहिल्याच क्रमांकावर भावाचं वाक्य आलं, माझ्याबद्दल: "त्याचे मेसेज वाचून आत्याला छान झोप लागते, डॉक्टरांना विचारून झोपेची गोळी बंद करा." त्यात कंटाळा हा शब्द कुठेही नव्हता. मला अपमान आणि अभिमान एकदमच झाला. बायकोला बोलावून दाखवलं. ती वाचून म्हणाली, "यंत्र हुशार आहे," आणि भाजी ढवळायला गेली.

मग मी शहाण्यासारखी ती दुसरी फाईल काढून टाकली. फोल्डर उघडून पाहिला. एकच फाईल उरली होती, घरच्या ग्रुपची. पुन्हा एकदा उघडून पाहिला. तरी एकच. समाधानाने चहा प्यायलो.

आता ज्यांना यातलं कळतं ते आत्ताच कपाळाला हात लावून बसले असतील. फोल्डरमधली फाईल काढली म्हणून सूचीतला मजकूर जात नाही. मूळ कागद जळाला तरी सूची आपली त्याच्या नावाने तशीच राहते, ते पुसायचं वेगळं सांगावं लागतं. हे त्यांच्या मदतीच्या पानावर स्पष्ट लिहिलेलं आहे. मी त्या पानापर्यंत पोचलो नव्हतो. आणि खात्री करायला मी फोल्डरमध्ये डोकावलो. स्वतः उभ्या केलेल्या शोधसेवेत एकदा शोधून बघावं, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

उद्घाटन रविवारी दुपारी ठेवलं. भाऊ खापरखेड्याहून आला, उद्घाटनासाठी नाही, गोळाभातासाठी. आत्या डोक्यावरून न्हाऊन, इस्त्रीची साडी नेसून टेबलाशी बसली, जणू तपासणी अधिकारी. मी टॅब्लेट पुढे केला आणि कसं विचारायचं ते सांगू लागलो. तिने माझा हात बाजूला केला. "सोड. मला वाचता येतं."

तिने लिहिलं, लिंबाचं लोणचं कडू झालं तर काय करायचं. चाक फिरलं आणि धाकटी आत्या आली, अगदी सगळी आली: "ए ताई, गूळ टाक और धूप में रख. तोवर पाहुण्यांना वाढ, माझ्या सासरकडचे असतील तर."

आत्या हसली. उन्हाळ्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं, खांदे हलतील असं. तिने दूधवाला शोधला, दूधवाला आला. स्वप्न शोधलं, तर धाकटीला स्वप्नात वडील रिक्षा चालवताना दिसले होते ते आलं. आत्याने चष्मा काढून पुसला आणि मला म्हणाली, "बरा निघालास." साठ वर्षांत पहिल्यांदा. भावाचा घास तोंडाशी थांबला. त्याला तिने असं कधी म्हटलेलं नाही, आणि मी त्याच्याकडे पाहून घेतलं.

मग ती स्वतःशीच पुटपुटली की डॉक्टरांनी धाकटीचा आवाज कधी परत येईल म्हणून सांगितलं होतं, ते तरी बघू. आणि तिने सावकाश एकेका बोटाने लिहिलं, घशाचं ऑपरेशन.

मी तेव्हा भातावर फोडणीचं तेल घेत होतो. ग्रुपच्या नावाला मी दिलेलं ते वजन आता कामाला आलं. त्या ग्रुपचा प्रत्येक मेसेज, पहिल्यापासून शेवटपर्यंत, शिस्तीत रांग लावून तिच्या पुढे उभा राहिला.

आत्या मोठ्याने वाचते. शाळेची सवय. "'आज घशाकडून काय पाठवायचं?'" तिने पुढची ओळ घेतली. "'कालचंच पाठव, तिला कुठे आठवतं.'"

मी उठून वायफायचा डबा बंद केला. टॅब्लेटमध्ये सिमकार्ड होतं. आत्याचं काम अडू नये म्हणून मीच घातलेलं.

"'दिवाळीनंतर सांगू म्हणता? तोवर प्रश्न आपोआप मिटेल.'" इथे ती थांबली. "याच्यापुढे हसण्याचं चित्र आहे." तिने भावाकडे पाहिलं, कारण नाव त्याचं होतं. "प्रश्न म्हणजे मी का रे?"

 भाऊ तिच्या छातीकडे मीटरकडे बघावं तसा बघत होता. मी कपाटातली जिभेखाली ठेवायची गोळी काढून हातात धरली होती आणि ती माझ्या घामाने विरघळू लागली होती. बायको दारात उभी राहून मला हळूच म्हणाली, "आता काहून उभे आहा? तुम्हीच ठेवा ते गोळी तोंडात."

आत्याने टॅब्लेट खाली ठेवला. "कधी?"

भाऊ ताटातला भात कालवत राहिला.

"मी विचारलं, कधी."

माणसं बोलत नाहीत म्हटल्यावर तिने यंत्राला विचारलं. धाकटी कधी गेली. मेसेज आतेबहिणीचा होता, हिंदीत, "मम्मी नहीं रहीं". विचारलेला एक शब्दही त्यात नव्हता, आणि तरी यंत्राने तो पहिल्या फटक्यात वर काढला. खोटं कशाला बोलू, त्याही क्षणी माझ्या मनात आलं की काय जबरदस्त काम केलंय आपण.

आत्या तिथेच थांबली असती तर बरं झालं असतं. तिने ती तारीख घेतली आणि घरच्या ग्रुपवर त्या दिवशी काय चाललं होतं ते शोधलं. त्या दिवशी तिला फोनपासून लांब ठेवायला भाऊ आणि मी बाहेर जेवायला घेऊन गेलो होतो. भावाने वर्दी दिली होती: "आत्याला पाटोडीरस्सा खाऊ घातला. दोनदा रस्सा मागून घेतला. आत्या खुश."

तिने ते मोठ्याने वाचलं नाही. वाचून झाल्यावर म्हणाली, "तिला उचलत होते तेव्हा मी रस्सा मागून घेत होते."

आणि उठली. आम्ही दोघंही पुढे झालो. तिने हाताने थांबवलं आणि बाथरूमकडे गेली. आमच्याकडे जवळच्या माणसाची बातमी फार उशिरा कळली, की सुतक पाळायचे दिवस उरलेले नसतात. कळलं त्याच पावली अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावरून पाणी घ्यायचं, की झालं. बायको तिच्या मागे आत गेली. बादलीत पाणी पडल्याचा आवाज आला, मग ओतल्याचा.

भाऊ आवाज न करता बूट घालू लागला. बायको ओल्या हातांनी बाहेर आली. "कुठे चालले भाऊजी? बसा. त्या भाईर आल्या का तुम्हाले विचारतीन. यंत्राले नाई विचारणार आता."

तो बसला. एका पायात बूट तसाच.

आत्या कोरडी साडी नेसून आली. केसांतून पाणी गळत होतं. खुर्चीवर बसली, आणि झडप जागच्या जागी होती. "झालं," ती म्हणाली. "एक बादली. सख्ख्या बहिणीला एक बादली. तिचे रडायचे दिवस तुम्ही खाल्लेत." मग बायकोकडे वळून म्हणाली, "मी आज जेवणार नाही. ह्या दोघांना वाढ. गरम वाढ. यांना भूक लागते."

आम्ही दोघं भाऊ तिच्या समोर बसून जेवलो. ती पाहत होती. पानात काही टाकायची सोय नव्हती. ती आम्हाला लहानपणीही टाकू देत नसे.

दुसऱ्या दिवशी दुपारी, ती झोपलीय असं पाहून मी सगळी सूचीच पुसायला बसलो. खरंच पुसायचं का, खात्री असेल तर सूचीचं नाव टाइप करा, असं ती सेवा म्हणाली. मी अर्धं नाव लिहिलं होतं.

"काय पुसून राहिलास?" आत्या मागे उभी होती.

मी म्हटलं, ते आमचं सगळं घाणेरडं लिहिलेलं काढून टाकतो.

"त्यात धाकटीचं लोणचं पण जाईल?"

सगळं एकाच सूचीत होतं. निवडून वेगळं करता येतं म्हणतात, पण माझ्या हातांवर आता माझाच विश्वास नव्हता. मी मान हलवली.

"मग राहू दे. तुमचंही राहू दे."

तेव्हापासून रोज सकाळच्या चहानंतर एक नातेवाईक. ती नाव टाकते, वाचते, आणि त्या माणसाला फोन लावून त्याचंच वाक्य त्याला वाचून दाखवते, संदर्भासहित स्पष्टीकरण द्या, अशा सुरात. आरडाओरडा करत नाही. माझ्या एका पुतण्याने फोन उचलायचं बंद केलं, तर तिने त्याच्या सासूला फोन लावला. आमच्याकडे इतके पाहुणे पूर्वी कधी येत नव्हते. हल्ली येतात, संत्री घेऊन येतात, पाया पडतात, आणि माझ्याकडे असे बघतात की जणू त्यांची वाक्यं मीच लिहिली. भाऊ दर रविवारी येतो. न आल्यास त्याचा नंबर सोमवारी लागतो.

महिन्याच्या तपासणीला तिला नेलं. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, परत पाहिला, कागद उलटसुलट केले आणि खुश होऊन म्हणाले, मागच्या वेळेपेक्षा फारच छान आहे, काय नवीन सुरू केलंत?

"वाचन वाढवलंय," आत्या म्हणाली.

डॉक्टर मला म्हणाले, हे बंद पडू देऊ नका.

राहिले सकाळचे मेसेज. ते मी अर्थातच थांबवले होते. दोन-तीन दिवसांनी आतून हाक आली, आज धाकटीचा मेसेज का नाही आला. मला वाटलं डोक्यावर परिणाम झाला. मी घाबरत म्हटलं, "आत्या, अगं..."

"मला माहीत आहे ती मेलीय. तू लिही. बंद करायला तुला कोणी सांगितलं?"

म्हणून तो रस्ता पुन्हा सुरू झाला, हॉलमधून जबलपूर, जबलपूरहून शेजारची खोली. फरक एवढाच की आता उत्तरं येतात. "अलंकारिक. परत लिही." "ही तू नाहीस." "हे वर्तमानपत्रातलं आहे." मी धाकट्या आत्याचे जुने मेसेज शोधून शोधून वाचतो, तिची वाक्यं तोंडात घोळवतो, शिव्यासुद्धा जमवून पाहिल्या. रोज नापास. बायको विचारते, निकाल काय लागला, आणि माझं तोंड बघून पोळ्या लाटायला लागते.

परवा सकाळी मी काही पाठवायच्या आधीच आत्याचा मेसेज धाकटीच्या नंबरवर गेला. जबलपूरहून आतेबहिणीने घाबरून मला फोन केला. "भैया, मौसी पूछ रही हैं, शेवटी माझं नाव काढलं होतंस का. क्या लिखूँ?"

मी विचारलं, काढलं होतं का?

ती म्हणाली, "सच बताऊँ? नहीं लिया. दाँत माँग रही थीं. नर्स ने निकालके रख दिए थे. आखिर तक बस वही, मेरे दाँत दो, और गालियाँ."

मी लिहायला बसलो. ताई ताई करत डोळे मिटले, असं एक लिहिलं. तुझा हात हातात असावा असं वाटत होतं, असं दुसरं. दुसरं चांगलं जमलं होतं, माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. बायकोने मागून वाचलं आणि म्हणाली, "हे पाठवाल तर आज मार खासान."

ती दोन्ही पुसली. मग लिहिलं: "नाही काढलं. दात मागत होते. त्या मेल्या नर्सने लपवून ठेवले होते." पाठवून दिलं.

जबलपूरला गेलं. शेजारच्या खोलीत टिंग वाजलं. त्यानंतर कसलाही आवाज नाही. मी भिंतीला कान लावला नाही एवढंच. गोळीच्या डबीचं झाकण वाजतं का ते ऐकत होतो. पंखा फिरत होता. बायको लाटणं हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, तीही ऐकत होती.

बऱ्याच वेळाने माझा फोन वाजला. या वेळी तिने जबलपूरचा फेरा घातला नव्हता, थेट माझ्या नंबरवर लिहिलं होतं.

"आज पास. चहा ठेव."